आमची वाटचाल : ब्रेक लायनर ते एबीएस

नागपूरच्या हिंगणा रोडवरचं आमचं गॅरेज ब्रेकच्या कामावर उभं राहिलं. लायनर बदलणं, ड्रम टर्निंग, मास्टर सिलिंडरची किट टाकणं ही वडिलांनी लावलेली घडी. एमआयडीसीतल्या गाड्या कायम दारात असायच्या. एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं आणि हळूहळू तक्रारी बदलल्या. "भाऊ, पिवळा लाइट लागून राहिला, पण ब्रेक तं बरोबर लागते!"

लागतोच. दिवा पेटला की एबीएस बंद पडतं, साधा ब्रेक चालू राहतो. पण समृद्धीवर, पावसात, भर वेगात करकचून ब्रेक दाबायची वेळ आली तर चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते. म्हणून "चालते तोवर चालवा" असं आम्ही कुणालाही सांगत नाही.

गाडीतला दोष वाचून दाखवणारा स्कॅनर विकत घेणं सोपं होतं, खरं शिक्षण त्यानंतर सुरू झालं. स्कॅनर 'पुढचं डावं चाक, स्पीड सेन्सर' एवढंच दाखवतो आणि पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावर नवा सेन्सर बसतो. दोष मात्र उंदरांनी कुरतडलेल्या वायरचा, कनेक्टरमधल्या गंजाचा, सेन्सर जिच्यावरून चाकाचा वेग वाचतो त्या दातेरी रिंगला गेलेल्या तड्याचा किंवा ढिल्या बेअरिंगचाही असू शकतो.

काटोलकडची एक जुनी गाडी आली होती. थांबता थांबता पेडल थरथरायचं आणि खालून खरखर यायची. सेन्सर आधीच दुसरीकडे बदललेला. पोराला स्कॅनर देऊन शेजारी बसवलं आणि गाडी सावकाश चालवली. तीन चाकांचा वेग एकसारखा उतरत होता, चौथं ताशी दहा किलोमीटरच्या आसपासहून एकदम शून्यावर यायचं. गाडीला वाटायचं चाक जाम झालं, म्हणून एबीएस त्या चाकाचा ब्रेक सोडायचं. सेन्सर काढला तर त्याच्या बसणीवर गंजाचा थर. त्या थरामुळे सेन्सर रिंगपासून जरासा वर उचलला गेला होता, आणि कमी वेगात सिग्नल आधीच क्षीण असतो. पॉलिश पेपरने जागा साफ केली, तोच सेन्सर परत बसवला. चारही आकडे एकत्र शून्यावर आले.

नव्या गाड्यांचं तंत्र वेगळं. जुन्या सेन्सरचा रेझिस्टन्स मोजता येतो, साधारण एक-दोन किलो-ओहम. चाक हाताने फिरवलं की मीटरवर एसी व्होल्टेज दिसतं. नव्या गाड्यांतल्या, सप्लायवर चालणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह सेन्सरला ओहम लावून काहीच कळत नाही. त्याला आधी सप्लाय मिळतोय का ते बघावं लागतं, मग करंट ७ आणि १४ मिलिअँपिअरमध्ये बदलतोय का ते. बऱ्याच गाड्यांत रिंगच्या जागी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते. बेअरिंग उलटं बसवलं तर सेन्सर कितीही नवा घाला, दिवा जात नाही. बेअरिंगचं काम आलं की आमची पोरं पट्टीची बाजू आधी तपासतात, मगच प्रेसवर ठेवतात.

आता शहरातले इतर मिस्त्रीही अडलेल्या गाड्या आमच्याकडे पाठवतात. बिलावर आम्ही चारही चाकांची रीडिंग लिहून देतो, कामाआधीची आणि नंतरची.