लालाजी बे: वाटेने जायचं की डुंगीने (छोट्या बोटीने)?

अंदमानातल्या लाँग आयलंडच्या जेट्टीवर लालाजी बेच्या किनाऱ्याची वाट ज्याला विचारावी तो एकच सांगतो, "डेढ घंटा, सीधा रास्ता." आम्हाला पावणेतीन तास लागले, आणि त्यात सरळ नेमकं काय होतं ते मला अजून उमगलेलं नाही.

आधीचं थोडक्यात. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, ते रंगत सुमारे १७० किमी. वाटेत जारवा आदिवासींचं राखीव जंगल लागतं. तिथून गाड्या ताफ्यानेच सोडतात. मध्ये थांबायचं नाही, फोटो तर नाहीच. रंगतजवळच्या येराट्टा जेट्टीवरून लाँग आयलंडची बोट मिळते. लालाजी बेसाठी वनखात्याची परवानगी लागते, ती आदल्या दिवशीच काढून ठेवा. एवढं सगळं सुरळीत पार पडलं, म्हणून त्यावर पाल्हाळ लावत नाही.

आता ती वाट. डिसेंबरचा पहिला आठवडा, म्हणजे ऐन सीझन, असं समजून आम्ही निघालो. पण अंदमानात ईशान्य मान्सूनचा पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरातही पडतो. आदल्या रात्री जोरदार सर आली होती आणि जंगलात पाय ठेवताच जळवा. सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकचा अनुभव होता, त्यामुळे सुरुवातीला हसण्यावारी नेलं. पहिल्या चढानंतर टेकलो तर मित्राच्या एका मोज्यातून अकरा निघाल्या. दोऱ्याएवढी बारीक जळू पानाच्या टोकावर उभी राहून डोलत असते, आपली चाहूल लागली की तिकडे वळते. हे एकदा जवळून बघितलं की मग टेकायची हिंमत होत नाही. मधल्या सखल पट्ट्यात चिखल घोट्याच्या वर, त्याखाली मुळं. माझी सँडल तिथे गेली. सँडल घालून गेलो हा गाढवपणा माझाच.

पँट मोज्यात खोचा, मीठ खिशात हाताशी ठेवा. जळू उपटू नका, नखाने बाजूला सरकवा. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, त्यामुळे जखम बराच वेळ वाहते. घाबरायचं कारण नाही, पांढरी पँट मात्र नको.

किनारा? एका बाजूला माड आणि थेट वाळूपर्यंत आलेलं जंगल, समोर हिरवट निळं पाणी, माणूस एकही नाही. दहा मिनिटं आम्ही कोणीच बोललो नाही. माडाखाली पथारी टाकणार तोच चार हातांवर नारळ धपकन पडला. लगेच उठलो.

परत चालायची ताकद नव्हती आणि हे तिथे आलेल्या एकुलत्या एक डुंगीवाल्याला लांबूनच दिसलं असणार. नुसतं परत सोडायचे तीन हजार. घासाघीस केली, तो शांतपणे इंजिन पुसत राहिला. दिले. आदल्या संध्याकाळी जेट्टीवर दुसऱ्या एकाने जाऊन-येऊन, थांबण्यासकट अडीच हजार सांगितले होते आणि आम्ही "चालत जाऊ" म्हणून ऐटीत नाही म्हटलं होतं. तेव्हा भाव जेट्टीवरच ठरवा: माणशी नव्हे, अख्ख्या डुंगीचा, दोन्ही बाजूंचा, किती तास थांबणार तेही बोलून. भरती-ओहोटीच्या वेळाही त्यालाच विचारा.

डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, त्यामुळे तीनला निघा. पाणी आणि खाणं बरोबरच न्या, किनाऱ्यावर काही मिळत नाही. शंख आणि प्रवाळ उचलू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, बॅगेत सापडलं तर विमानतळावर उत्तरं देत बसाल.

पाऊस होऊन गेलेला असेल तर वाटेच्या नादी लागू नका, सरळ डुंगी करा. सलग चार-पाच दिवस कोरडे गेले असतील तर जाताना चाला, येताना डुंगी. वाळूतल्या बारीक माश्यांचे चावे मात्र दोन्ही प्रकारे होणारच, माझे घरी आल्यावरही आठवडाभर खाजत होते.