२७ भाग, एक वही

२०२५च्या जानेवारीत मी एक नियम घालून घेतला होता. भाग बघायचा आणि पुढचा लावायच्या आधी त्याचं परीक्षण लिहून संपवायचं. काल २७वं परीक्षण लिहून झालं. ‘सेव्हरन्स’च्या दुसऱ्या सीझनचे १०, ‘पाताल लोक’च्या दुसऱ्या सीझनचे ८ आणि ‘प्लुरिबस’चे ९. खाली स्पॉयलर भरपूर आहेत, त्यामुळे यातलं काही बघायचं राहिलं असेल तर आधी बघून या.

सुरुवातच मोठी छान झाली. १७ जानेवारीच्या एकाच शुक्रवारी दोन मालिका परतल्या. अ‍ॅपलने ‘सेव्हरन्स’चा एक भाग दिला आणि प्राइमने ‘पाताल लोक’चे आठही. माझ्या मैत्रिणींनी ते आठ रविवारपर्यंत संपवले. मी आठ संध्याकाळी घेतल्या. सगळं एका दमात बघितलं की तिसऱ्या भागाबद्दल लिहिताना आठव्याचं उत्तर डोक्यात येऊन बसतं. मग तिसऱ्यात आलेली शंका तेव्हाचीच होती की शेवट कळल्यावर मागून चिकटली, हे आपलं आपल्यालाही सांगता येत नाही.

गुन्हेकथेसाठी वहीत एक पान आखलं: ‘कुणाला काय माहीत’. ‘पाताल लोक’मधले दोन पोलीस, हाथीराम आणि अन्सारी, दोघांचा एकेक रकाना. हाथीराम बेपत्ता झालेल्या रघू पासवान नावाच्या बँडवाल्याला शोधतोय, आणि अन्सारीकडे दिल्लीत झालेल्या नागा नेत्याच्या खुनाचं बडं प्रकरण आहे. एका तपासाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, दुसऱ्यावर सगळ्या वरिष्ठांचे डोळे. दोन्हींचे धागे रोझ नावाच्या तरुणीपाशी येतात, तेव्हा माझ्या पानावर दोन रकान्यांत एकच नाव आलं. लेखकांनी ती गाठ किती सावकाश मारली होती, ते कागदावर बघताना जास्त कळलं.

पहिल्या सीझनमध्ये अन्सारी हाथीरामच्या हाताखाली होता. आता तो आयपीएस आहे आणि हाथीराम आहे तिथेच. हाथीरामच्या तोंडून अन्सारीला ‘सर’ निघतं तेव्हा आई शेजारी भाजी निवडत बसली होती. तिची अख्खी नोकरी सरकारी कार्यालयात गेली. तिने मला थांबवायला लावलं. म्हणाली, “अगं, हाताखालचा पोरगा साहेब होऊन आला की पहिले काही दिवस अस्सेच जातात. जिभेला सवय नसते ना.” मी तो प्रसंग पुन्हा लावला आणि या वेळी फक्त हाथीराम झालेल्या जयदीप अहलावतचा चेहरा बघितला. कौतुक आणि अवघडलेपण, दोन्ही एकाच वेळी. त्या परीक्षणातला सगळ्यात चांगला परिच्छेद आईमुळे लिहिला गेला.

अन्सारी मारला जातो त्या रात्री लिहायला बसवत नव्हतं, तरी बसले. त्याचा रकाना तिथेच थांबला. मग एक गोष्ट दिसली. त्या रकान्यात जे होतं आणि हाथीरामच्या रकान्यात अजून आलं नव्हतं, तेवढ्या नोंदी मी अधोरेखित केल्या. माणूस गेला म्हणजे तपासातून नेमकं काय गेलं, ते त्या ओळींत होतं. पुढचे भाग मी त्या ओळी समोर ठेवून बघितले.

नागालँडमधल्या भागांत नागामीज संवाद पुष्कळ आहेत. सबटायटल वाचताना चेहरे निसटतात, म्हणून असे प्रसंग मी दोनदा बघते: एकदा अर्थासाठी, एकदा माणसांसाठी. दुसऱ्या फेरीत दिग्दर्शक अविनाश अरुण धावरे यांचं काम खरं कळतं. ‘किल्ला’ त्यांनी दिग्दर्शित केला आणि त्याचा कॅमेराही त्यांचाच होता. कोकणातला तो पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना इथलं डोंगरातलं धुकं परकं वाटणार नाही.

आता ‘सेव्हरन्स’. पहिला सीझन २०२२च्या एप्रिलमध्ये संपला आणि दुसरा यायला जवळजवळ तीन वर्षं गेली. मधे २०२३चे लेखकांचे आणि कलाकारांचे संप झाले. ही गोष्ट मेंदूत चिप बसवून कचेरीतल्या आठवणी आणि घरच्या आठवणी वेगळ्या केलेल्या माणसांची. पहिल्याच भागात त्यांच्यातली हेली सांगते की कचेरीबाहेर तिला रात्री काम करणारा माळी दिसला. मी वहीत लिहिलं होतं, ‘रात्री कसला माळी?’ आणि मग उगाच शंका नको म्हणून खोडलं. चौथ्या भागात बर्फात, शेकोटीपाशी, तिचा सहकारी अर्विंग नेमका त्याच माळ्यावर बोट ठेवतो. ती हेली नाहीच, मालकाची मुलगी हेलेना आहे. तेव्हापासून मी वहीत काही खोडत नाही. शंका चुकली तर समोर तारीख टाकून ‘चुकली’ लिहिते, पण मूळ ओळ तशीच राहते.

सातवा भाग, ‘चिखाई बार्दो’, माझ्या मते या २७मधला सर्वोत्तम. तो जेसिका ली गाग्ने यांनी दिग्दर्शित केलाय. त्या या मालिकेच्या छायाचित्रणकार, आणि दिग्दर्शनाची त्यांची ही पहिलीच वेळ. नायक मार्क आणि त्याची बायको जेमा यांच्या संसाराची दृश्यं डिजिटलऐवजी फिल्मवर घेतली आहेत, त्यामुळे त्यांना ऊब आहे, थोडा दाणा आहे. तिथून कंपनीच्या तळघरातल्या खोल्यांत आलं की रंग एकदम थंडगार. एका खोलीत जेमाला कायम दाताचा डॉक्टर, एकीत कायम हेलकावे खाणारं विमान, एकीत आभाराची पत्रं लिहून लिहून दुखणारा हात. या भागावर आधी मी गोष्टच लिहून काढली होती. ते पान बाजूला ठेवलं आणि पुन्हा सुरुवात केली: आधी काय दिसलं, मग काय घडलं. आता सगळीच परीक्षणं या क्रमाने लिहिते. तारे देणं तर मार्चपासूनच बंद केलं.

विज्ञानकथेसाठी वेगळं पान आहे, ‘या जगाचे नियम’. ते ‘प्लुरिबस’ने सगळ्यात जास्त भरलं. अंतराळातून आलेल्या संदेशातून तयार झालेल्या विषाणूने जवळजवळ अख्खी मानवजात एकाच मनाने जोडली गेलीय, आणि आल्बुकर्कीतली लेखिका कॅरल त्यातून सुटलीय. तिसऱ्या भागात ती हट्टाने आपलं नेहमीचं किराणा दुकान पुन्हा भरून मागते आणि माणसं गुपचूप येऊन रिकाम्या फळ्या भरून जातात. एकमेकांशी एक अवाक्षर नाही. तो प्रसंग मी तीनदा बघितला. चौथ्या भागात कॅरल स्वतःच फळ्यावर त्यांच्याबद्दल जे जे कळलंय ते लिहायला घेते, तेव्हा मला माझंच पान पडद्यावर दिसल्यासारखं झालं.

माझ्या पानावर या जोडलेल्या माणसांबद्दल होतं: खोटं बोलत नाहीत. जीव घेत नाहीत. झाडावरचं सफरचंदसुद्धा तोडत नाहीत. कॅरलला जोडून घ्यायला तिच्या मूळपेशी लागतात, पण त्या तिच्या परवानगीशिवाय काढून घेत नाहीत. या शेवटच्या नियमावर मी निर्धास्त होते. शेवटच्या भागात कळतं, तिने पूर्वी गोठवून ठेवलेली बीजांडं त्यांच्याकडे आहेत. मूळपेशी त्यांतून मिळतील, शरीराला हात लावायची गरजच नाही. नियम मोडला नाही आणि सुटकाही उरली नाही. मालिकेचे कर्ते व्हिन्स गिलिगन यांच्या लेखनातला हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. प्रेक्षकाला सगळे पत्ते दाखवून मग डाव टाकलाय.

पुढचं काम ठरलंय. ‘पाताल लोक’चा २०२०चा पहिला सीझन, नऊ भाग, दोन रकान्यांचं पान घेऊन. या वेळी अन्सारीचा रकाना आधी आखलाय. आईने विचारलंय, संध्याकाळी जेवणाआधी लावशील ना.