फिर्याद दिली, पुढे काय?

फौजदारी खटल्याच्या कागदावर वरती 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असं लिहिलेलं असतं. ज्याचं डोकं फुटलं, ज्याची गाडी गेली, ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याचं नाव त्या ओळीत नसतं. ते खाली, साक्षीदारांच्या यादीत सापडतं. खटला सरकार चालवतं आणि फिर्यादी हा सरकारचा साक्षीदार, ही आपल्याकडची जुनी मांडणी. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ साली झालेली आणि ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालेली दुरुस्ती, त्यानंतरचे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता यांनी पीडिताला थोडी थोडी जागा करून दिली आहे. पण यातले बरेचसे हक्क लेखी अर्ज केल्याशिवाय किंवा वकिलपत्र दाखल झाल्याशिवाय जागेच होत नाहीत. तोंडी विचारलं तर 'तपास चालू आहे' एवढंच उत्तर मिळतं.

पहिली अडचण ठाण्याच्या दारातच येते. 'तुमची एनसी (म्हणजे अदखलपात्र नोंद) घेतो' हे वाक्य मारहाणीच्या प्रकरणात हमखास ऐकू येतं, आणि दर वेळी ते चूक असतं असं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) मधली साधी दुखापत अदखलपात्र आहे. तिथे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. मात्र हाड मोडलं, दात पडला किंवा जखमेमुळे १५ दिवस रोजचं काम करता आलं नाही, तर ती गंभीर दुखापत होते आणि गुन्हा दखलपात्र ठरतो. जुन्या कायद्यात, म्हणजे भारतीय दंड संहितेत, हे दिवस २० होते. हत्याराने केलेली दुखापत साधी असली तरी दखलपात्र. म्हणून सगळी भिस्त वैद्यकीय कागदावर असते. दवाखान्यात गेल्यावर मारहाण झाल्याचं सांगून एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, अशी नोंद करून घ्या. 'पडलो' असं सांगितलेलं केसपेपरवर उतरलं की पुढे दोन वर्षांनी उलटतपासणीत तेच वाक्य आरोपीचा वकील मोठ्याने वाचून दाखवतो. एनसी झाल्यावर चार दिवसांनी एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर निघालं तर रिपोर्ट जोडून ठाण्यात लेखी अर्ज द्या, आणि त्याच अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे. २०१३ च्या ललिता कुमारी निकालापासून यात शंका उरलेली नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने (पुढे नुसतं कलम म्हटलं की ते याच संहितेचं) कलम १७३(३) मध्ये एक फट ठेवली आहे. तीन वर्षं ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या पूर्वपरवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. 'अर्ज चौकशीवर आहे' असं सांगितलं गेलं तर ही परवानगी कुठल्या तारखेची, एवढा एकच प्रश्न लेखी विचारावा. हद्दीचं कारण तर आता चालतच नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, शून्य क्रमांकाने नोंदवून तो संबंधित ठाण्याकडे वर्ग करावा लागतो. ईमेलने किंवा ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते. ही सही राहून गेली की तक्रार लटकते. पाठवणाऱ्याला वाटत राहतं की गुन्हा दाखल झाला. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, आणि नव्या संहितेत पीडितालाही. सही करण्यापूर्वी जबाब शब्दन् शब्द वाचा. वेळ, हत्यार आणि आरोपींची संख्या, या तीन गोष्टी बहुतेक वेळा चुकीच्या उतरतात.

गुन्हा घेतलाच नाही तर क्रम ठरलेला आहे आणि तो मोडू नये. आधी ठाण्यात लेखी, मग पोलीस अधीक्षकांना (आयुक्तालयाच्या हद्दीत उपायुक्तांना) पोस्टाने, मग कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. शेवटच्या अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं. मधली पायरी गाळली की असे अर्ज फेटाळले जातात, त्यामुळे स्पीड पोस्टची पावती हा त्या अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा कागद. बलात्कार, ॲसिड हल्ला अशा ठरावीक गुन्ह्यांची माहिती नोंदवायला नकार देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. मोफत उपचारांबद्दल एक गैरसमज सगळीकडे आढळतो. कलम ३९७ प्रमाणे खासगी रुग्णालयालाही पैसे न घेता उपचार करावे लागतात हे खरं, पण तेही लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांनाच. कोयत्याचा वार झालेल्याला हे कलम उपयोगी पडत नाही. का पडू नये, हे मला आजवर कळलेलं नाही.

तपास सुरू झाला की ९० दिवसांच्या आत त्याची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं कलम १९३ ने पोलिसांवर टाकलं आहे. व्हॉट्सॲपवर कळवलं तरी चालतं. कळवलं नाही तर काय, हे मात्र कलमात नाही. नव्वदाव्या दिवशी गुन्हा रजिस्टर नंबर टाकून एक पानाचा अर्ज द्यावा, म्हणजे निदान उत्तर देणं भाग पडतं.

आता समरी. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि सगळ्यात कमी लोकांना हे माहीत असतं. आपल्याकडे पोलीस तपास बंद करताना न्यायालयाला 'अ', 'ब' किंवा 'क' समरीचा अहवाल पाठवतात. 'अ' म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. 'ब' म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. 'क' म्हणजे गैरसमजातून दिलेली फिर्याद किंवा मुळातलं दिवाणी प्रकरण. पैशांच्या फसवणुकीत 'क'ची भीती कायम असते. 'ब' सर्वांत वाईट, कारण खोटी फिर्याद दिल्याबद्दल उलट फिर्यादीवरच कारवाई होऊ शकते. अहवाल मंजूर करण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, असं १९८५ च्या भगवंत सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. मेख अशी की नोटिशीचा हा हक्क फिर्यादीचा आहे. जखमी माणूस वेगळा आणि फिर्याद शेजाऱ्याने दिलेली असेल, तर जखमीला नोटीस येईलच असं नाही. तो स्वतःहून हजर झाला तर त्याला ऐकावं लागतं, एवढंच. दुसरी अडचण पत्त्याची. भाड्याचं घर बदललं, नोटीस जुन्या पत्त्यावरून परत आली, आणि समरी मंजूर.

नोटीस मिळाली की अहवालाची आणि सोबतच्या जबाबांची प्रत मागून घ्या, मग लेखी हरकत दाखल करा, तिला प्रोटेस्ट पिटिशन म्हणतात. 'तपास नीट झाला नाही' एवढं लिहून भागत नाही. कोणत्या साक्षीदाराचा जबाब घेतला नाही, कुठल्या दुकानाचं सीसीटीव्ही चित्रण मागवलं नाही, कुठल्या खात्याचा उतारा काढला नाही, हे नेमकं मांडावं लागतं. त्यावर दंडाधिकारी अहवाल मंजूर करू शकतात, पुढील तपासाचा आदेश देऊ शकतात किंवा अहवाल नाकारून स्वतःच दखल घेऊ शकतात. 'अ' समरी मात्र नेहमी वाईटच असते असं नाही. चोरीला गेलेल्या गाडीच्या विम्यासाठी विमा कंपनी हाच कागद मागते.

चोरीचा माल सापडला तर तो खटला संपेपर्यंत ठाण्याच्या आवारात गंजू द्यायची गरज नाही. असा मुद्देमाल शक्यतो १५ दिवस ते महिन्याभरात मोकळा करावा, असं सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ सालीच सांगितलं गेलं आहे. नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये छायाचित्रण आणि वर्णनाच्या तक्त्याची मुदतही आली. दंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करायचा. सोबत गाडीचं आरसी बुक, मोबाइलचं आयएमईआय क्रमांक असलेलं बिल किंवा दागिन्याची पावती जोडायची. न्यायालय तपासी अंमलदार आणि सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं आणि बंधपत्रावर ताबा देतं. बिल फिर्यादीच्या नावावर नसेल तर अर्ज रेंगाळतो, तेव्हा ज्याच्या नावावर बिल त्यानेच अर्ज करावा.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर आरोपी न्यायालयात हजर झाला की तिथून १४ दिवसांत कागदपत्रांचा संच मोफत मिळायला हवा, आरोपीला आणि पीडितालाही. पण कलम २३० मध्ये पीडितापुढे एक अट जोडली आहे: त्याच्यातर्फे वकील असेल तर. वकील नाही तर संच नाही. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. हा वकील खटला 'चालवत' मात्र नाही. तो सरकारी वकिलाला मदत करतो. २०१९ च्या रेखा मुरारका निकालानंतर पीडिताच्या वकिलाला साक्षीदाराची स्वतंत्र उलटतपासणी घेता येत नाही. प्रश्नांची यादी सरकारी वकिलाकडे आधी द्यायची, पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद द्यायचा. तारखांसाठी वकिलाच्या फोनवर अवलंबून राहू नका. खटल्याचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक घेऊन ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख दिसते.

जामिनाला विरोध करता येतो. लखीमपूर खेरी प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीडिताला प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेण्याचा हक्क मान्य केला. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यांत त्या कायद्याच्या कलम १५अ खाली जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला देणं बंधनकारकच आहे, आणि ती दिली नाही या कारणावर जामीन रद्द झाल्याचीही उदाहरणं आहेत. सरकार खटला मागे घेऊ लागलं तरी आता कलम ३६० प्रमाणे पीडिताला ऐकावं लागतं. आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय आपल्याकडे अधूनमधून निघतात. ज्या दुकानदाराची काच फुटली त्याला हे वाक्य उपयोगी पडावं.

नुकसानभरपाईसाठी आरोपीला शिक्षा होण्याची वाट पाहावी लागते, हा समज काढून टाका. कलम ३९६ खाली आरोपी सापडला नाही तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते. लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी राज्यात २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या महिला पीडितांसाठीच्या २०१८ च्या योजनेत बलात्कारासाठी ४ ते ७ लाख, मृत्यूसाठी ५ ते १० लाख अशी मर्यादा आहे. सज्ञान पीडितेला मंजूर रकमेतले साधारण २५ टक्के हातात येतात, ७५ टक्के किमान तीन वर्षं मुदत ठेवीत राहतात. तातडीची गरज असेल तर अर्जातच अंतरिम रक्कम स्वतंत्र परिच्छेदात मागा. एफआयआर, वैद्यकीय अहवाल, ओळखपत्र आणि चालू असलेल्या बँक खात्याचं पासबुक जोडा. निकालाच्या वेळी भरपाईचा विचार केला की नाही, हे न्यायालयाने निकालपत्रात नोंदवलंच पाहिजे, असं २०१३ च्या अंकुश गायकवाड निकालात सांगितलं आहे. तरीही युक्तिवादात कोणी ते मागतच नाही म्हणून ते राहून जातं.

निर्दोष सुटका झाली, कमी गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली किंवा भरपाई तुटपुंजी मिळाली, तर पीडिताला कलम ४१३ खाली स्वतःचं अपील करता येतं. त्यासाठी आधी परवानगी काढावी लागत नाही, हे २०१८ मध्ये स्पष्ट झालं. शिक्षा वाढवून मागण्यासाठी मात्र हा रस्ता नाही. दंडाधिकाऱ्यांनी सोडलं असेल तर हे अपील सत्र न्यायालयात जातं. शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत मोफत मिळते. फिर्यादीला नकलेचा अर्ज करून फी भरावी लागते. तो अर्ज निकालाच्या दिवशीच करा, कारण नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात, पण घरी बसून घालवलेले होत नाहीत.