अण्णा बोलत नाहीत, मग आरती कशी म्हणतात?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तरच लिहिते, कारण दारात चपला घालता घालता हे सांगून होत नाही. प्रश्न नेहमीचाच, "अण्णांना बोलता येत नाही म्हणता, मग संध्याकाळी आरती एवढी खणखणीत कशी म्हणतात ओ?" काहीजण विचारतही नाहीत, नुसते गालात हसतात. एक काकू तर म्हणाल्या, सांगली नाट्यपंढरी आहे बाई, नाटक इथल्या पाण्यातच असतंय. असो.

अण्णा चाळीस वर्षं मार्केट यार्डात अडतीच्या दुकानात दिवाणजी होते, राजापुरी हळदीचे भाव आणि पोत्यांचे आकडे तोंडपाठ. दोन वर्षांपूर्वी सकाळी हातातला कप सुटला, तोंड वाकडं झालं, आणि आम्ही शहाण्यांनी काय केलं तर पित्त झालं असेल म्हणून लिंबू सरबत पाजलं (हे अजिबात करू नका, अशा वेळी नीट गिळता येत नाही, पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं). तो लकव्याचा झटका होता, मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकलेली. ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आम्ही मिरजेला पोचलो तोवर सहा तास झाले होते. मेंदूचं वजन जेमतेम 1300-1400 ग्रॅम, म्हणजे शरीराच्या 2 टक्के, पण ऑक्सिजन एकटाच 20 टक्के खातो आणि शिल्लक काहीच ठेवत नाही, गोडाऊन नसलेलं दुकान म्हणा ना. मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला साधारण 19 लाख पेशी मरतात. सहा तासांचा हिशोब मी कधी केला नाही.

गुठळी डाव्या बाजूला होती आणि गेला उजवा हात. यावरही लोक चक्रावतात, पण हातापायांच्या बहुतेक नसा मेंदूच्या देठाशी एकमेकींना ओलांडून पलीकडे जातात, म्हणून उलटं. आणि बोलण्याचं काम उजव्या हाताने लिहिणाऱ्या जवळजवळ सगळ्यांच्यात डावा मेंदूच करतो. त्यातही पुढच्या भागात, कानशिलाच्या जरा वर, एक जागा आहे तिला ब्रोकाचं क्षेत्र म्हणतात. 1861 साली पॅरिसजवळच्या एका हॉस्पिटलात ब्रोका नावाच्या सर्जनकडे लबॉर्न नावाचा पेशंट आला, वीसेक वर्षं तो फक्त "तां तां" एवढंच बोलायचा, बाकी समजायचं बऱ्यापैकी. तो गेल्यावर मेंदू उघडून बघितला तर नेमकी तीच जागा खराब झालेली. पण मला यातलं आवडतं ते वेगळंच, हा माणूस चिडला की शिवी मात्र अख्खी द्यायचा! आमचे अण्णापण. कोणती ते लिहीत नाही, पण उच्चार एकदम स्पष्ट.

म्हणजे शब्द गेलेले नाहीत, नवं वाक्य जुळवणारा कारागीर गेलाय. आरती, पाढे, शिव्या हे जुळवावं लागत नाही, वर्षानुवर्षं घोटून एका दोरीत ओवलेलं असतं, एक मणी ओढला की पुढचा येतो, आणि त्याला मेंदूचे बरेच दुसरे भाग हातभार लावतात, उजवी बाजूसुद्धा. परवा मी विचारलं अण्णा किती वाजले, तर घड्याळाकडे बघून एक, दोन, तीन करत निघाले आणि सातवर थांबून माझ्याकडे बघितलं. नुसतं "सात" येत नाही, एकपासून चालत जावं लागतं. आकड्यांत आयुष्य गेलेला माणूस.

आणि हे काही आमच्याच घरचं नवल नाही, 1745 सालीच स्वीडनमध्ये ओलोफ डालिन या लेखकांनी असा माणूस लिहून ठेवलाय, बोलणं गेलेलं पण चर्चमधली भजनं म्हणायचा. पुढे 1973 मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या डॉक्टर-थेरपिस्ट मंडळींनी यावरूनच उपचार बसवला, रोजच्या गरजेचं वाक्य दोन सुरांत म्हणायचं आणि अक्षराअक्षराला डाव्या हाताने ठेका द्यायचा. सूर उजव्या मेंदूला जागं करतो असं त्यांचं म्हणणं, आता काही संशोधक म्हणतात की खरं काम सुरापेक्षा तालाचं आणि पाठांतराचं. भांडू दे त्यांना. आमच्या स्पीच थेरपिस्टनी "पाणी दे" असंच बसवून घेतलं, तीन महिने लागले. आईला आधी लाज वाटायची, पाणी काय गाऊन मागायचं असतं का, आता तीच स्वयंपाकघरातून त्याच चालीत "आणते" म्हणते.

तर नाटक नाही हो. आणि आणखी एक, मोठ्याने ओरडून "अण्णा, ओळखलं का" विचारू नका. ऐकू नीट येतं, समजतंही जवळजवळ सगळं, फक्त लांबलचक वाक्यात गोंधळतात. हळू, छोटं बोला आणि उत्तराला वेळ द्या, मध्येच शब्द पुरवू नका, त्यांना राग येतो आणि मग ती वर सांगितलेली शिवी ऐकावी लागते.

यायचं असेल तर सातला या, आरतीला. टाळ डाव्या हातात एकच धरतात, दुसरा तुम्ही धरा.