चार सेकंद हलायचं नाही

जुन्या धर्तीच्या स्टुडिओ पोर्ट्रेट्सची एक सिरीज करतेय, आज त्यातलं आजींचं पोर्ट्रेट झालं. मैत्रिणीची आजी, आणि झालं ते इतकं मनासारखं झालंय की झोपायच्या आधी लिहून ठेवलंच पाहिजे, नाहीतर उद्यापर्यंत अर्धं विसरेन.

ही सिरीज करतेय असं कुणालाही सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, कपडे कुठून मिळवलेस? कपडे लागतातच, मखमल, लेस, ती उंच पाठीची खुर्ची, मागे हाताने रंगवलेला करडा-तपकिरी कॅनव्हास, हे सगळं जमवण्यात मला मजाही खूप येते, पण काम करत गेले तसं मला पक्कं पटलंय की जुनेपणा त्या सामानात नसतो, तो माणूस कॅमेऱ्यासमोर किती वेळ बसला त्यात असतो. १८३९ ला डागेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या प्लेटवरचा फोटो, जगासमोर आलं तेव्हा एका फोटोला कित्येक मिनिटं लागायची, १८४० मध्ये गणितज्ञ पेट्झवालने पोर्ट्रेटसाठी भरपूर उजेड आत घेणारी लेन्स काढली, प्लेटवरची केमिकल्स सुधारली, तेव्हा कुठे ते सेकंदांवर आलं. तरीही मानेमागे लोखंडी आधार लावूनच बसवायचे. जुन्या फोटोंमध्ये माणसं टेबलाला, खांबाला टेकलेली दिसतात ना, ते नुसतं शोभेसाठी नाही, टेकलं की माणूस कमी हलतो. आणि हसू एवढा वेळ धरून ठेवता येत नाही, करून बघा, गाल थरथरायला लागतात.

म्हणून या सिरीजसाठी फ्लॅश बाजूलाच ठेवलाय. एकच मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी कापडी पेटी, आत कंटिन्युअस लाईट, म्हणजे सतत चालू राहणारा दिवा, मुद्दाम एकदम मंद केलेला, एका बाजूने आणि डोळ्यांच्या थोडा वर, दुसऱ्या बाजूला काळा बोर्ड म्हणजे सावलीत उजेड परत येत नाही. त्या काळी स्टुडिओंना उत्तरेकडे आणि छताला मोठाल्या काचा असायच्या, एकाच दिशेने येणारा मऊ उजेड, त्याच्याच जवळ जायचा प्रयत्न आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ८, शटर ४ सेकंद उघडं.

आजींना कोपर टेबलावर टेकायला दिलं आणि म्हटलं, आजी, मी सांगितलं की श्वास हळू सोडा आणि हलू नका, बाकी काही करायचं नाही. त्या म्हणाल्या, हसू का? म्हटलं नको. पहिल्या सेकंदाला सगळ्यांचाच असतो तसा फोटोचा चेहरा होता, ओठ जरा आवळलेले, हनुवटी वर. मग श्वास सुटला, जबडा सैल पडला, खांदे किंचित खाली आले आणि डोळे कॅमेऱ्याकडे बघता बघता कुठेतरी मागे गेले, आणि हे सगळं एकाच फ्रेममध्ये, एकावर एक. फ्लॅशने यातला एकच तुकडा मिळतो. मधे त्यांची पापणी लवली होती, मी बघितलं, पण फोटोत ती नाहीच, एवढ्या लांब एक्सपोजरमध्ये तेवढी झापड उमटत नाही. बुबुळातला उजेडाचा ठिपका मात्र जरासा पसरलाय, त्याने नजरेला एक ओल आलीये. शालीच्या गोंड्यांची टोकं श्वासाबरोबर हलून धूसर झालीत आणि टेबलावरचा हात, नखांच्या रेघांसकट, अगदी स्पष्ट. हे मी कितीही एडिटिंग करून आणू शकले नसते.

शाल लाल होती, तीही मुद्दामच निवडलेली. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने वेट प्लेट कलोडियनची पद्धत, म्हणजे रसायन लावलेल्या ओल्या काचेवर फोटो घ्यायची, प्रसिद्ध केली, त्या प्लेटला निळा आणि त्यापलीकडचा उजेडच दिसायचा, लाल जवळजवळ नाहीच. त्यामुळे लाल कपडा काळा यायचा, निळा पांढरट यायचा आणि चेहऱ्यावरचे वांगाचे डाग असतील त्यापेक्षा जास्त गडद. डिजिटलमध्ये याच्या जवळ जायचं तर ब्लॅक अँड व्हाइट करताना ब्लू चॅनेलवर, म्हणजे फोटोतल्या फक्त निळ्या उजेडाच्या नोंदीवर, भर द्यायचा, आणि खरंच, आजींची लालभडक शाल कोळशासारखी काळी झाली आणि आतला फिका निळा ब्लाऊज जवळजवळ पांढरा, एका क्षणात फोटोचं वय बदललं.

पण इथे मी एक ठरवून टाकलंय. ब्लू चॅनेल सावळ्या त्वचेला फार गडद करतो, आजींच्या गालावरचे बारीक टोन सगळे एकमेकांत मिसळून गेले होते. जुन्या प्लेटला ते दिसत नव्हतं हा त्या केमिस्ट्रीचा दोष, तो मी माझ्या समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर का उतरवायचा? म्हणून कपड्यांना ब्लू चॅनेल ठेवला आणि एडिटिंगमध्ये चेहऱ्याचा भाग मास्कने वेगळा काढून तिथे ग्रीन आणि थोडा रेड मिसळला. काटेकोर बघणारे म्हणतील हे अस्सल नाही. मला ते चालेल, आजींचा रंग आजींचाच राहिला पाहिजे.

सेपियाचंही, म्हणजे त्या जुनाट तपकिरी छटेचंही, तसंच. विंटेज म्हटलं की सगळे पिवळा रंग ओततात, पण जुने अल्ब्युमेन प्रिंट, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचे, केले तेव्हा असे पिवळे नव्हते, सोन्याच्या क्षाराने टोनिंग केलं की ते जांभळट तपकिरी व्हायचे, पिवळेपणा नंतर काळाने आला. मी सावल्यांमध्ये अगदी हलका जांभळट तपकिरी ठेवलाय आणि पांढरा बराचसा पांढराच. ओरखडे, डाग, फाटलेल्या कडा वगैरे काहीही घालणार नाही, नव्या फोटोला खोटं म्हातारपण द्यायचं मला बिलकुल पटत नाही.

हे सगळं करताना एकोणिसाव्या शतकातली ब्रिटिश फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन सतत आठवते. १८६३ मध्ये तिला लेकीकडून कॅमेरा भेट मिळाला तेव्हा ती ४८ वर्षांची होती, आणि पुढे तिने केलेली ती जवळून घेतलेली मोठाली पोर्ट्रेट्स, लांब एक्सपोजरची, थोडी हललेली, फोकस मऊ, त्यावरून तिच्यावर तेव्हा टीका झाली. आज बघताना मला त्या हलण्यातच माणूस जाणवतो. शार्प म्हणजे चांगलं हे आपल्या डोक्यात इतकं बसलंय की समोरचा जिवंत आहे, श्वास घेतोय, हे फोटोत दिसलं की आपण ते डिलीट करतो.

प्रिंट मॅट कॉटन पेपरवर काढायचेत आणि लहान. १८५४ मध्ये फ्रेंच फोटोग्राफर दिस्देरीने ज्याचं पेटंट घेतलं त्या कार्त द व्हिझितचं, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या छोट्या फोटोचं, कार्ड साधारण ६ बाय १० सेंटीमीटर, हातात धरून बघायचं. एवढं लहान नाही करणार, पण भिंतभर मोठं नक्कीच नाही, माणसाने जवळ येऊनच बघितलं पाहिजे.

उद्या आजी आणि नात दोघी एकत्र. दोघींनी एकदम चार सेकंद स्थिर राहायचं म्हणजे अवघडच, नातीला खुर्चीमागे उभं करून दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर टेकवायला सांगेन. दोन चेहरे मागेपुढे येणार, दोन्ही फोकसमध्ये यायचे तर आणखी लहान छिद्र, एफ ११ लागेल आणि वेळ तेवढाच ठेवायचा तर लाईट दुप्पट करावा लागेल, तो सकाळी त्या यायच्या आत मोजून ठेवायचाय.