तुम्ही विचारलंत म्हणून: युरोपचे नियम बदलतं कोण?

प्रश्न ठरलेला असतो. लग्नाच्या पंगतीत, पॅकहाऊसवर, सोसायटीच्या सभेनंतर चहा घेताना कुणीतरी विचारतंच. "ताई, युरोपवाले द्राक्षावरच्या औषधांचे नियम मनाला येईल तेव्हा बदलतात. मग तुम्ही ते कागद वाचत का बसता? वाचून काही थांबतंय का?" विचारणारे बहुतेक आमच्याच निफाड-दिंडोरीकडचे, द्राक्षबाग असलेले. एमआरएल, म्हणजे फळात औषधाचा जास्तीत जास्त किती अंश चालतो ती मर्यादा, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, म्हणून तिथून सुरुवात करत नाही.

"मनाला येईल तेव्हा" हे खरं नाही, आणि ते ऐकलं की मला राग येतो. "वाचून काही थांबत नाही" हे बरंचसं खरं आहे, आणि त्याचा राग जास्त येतो. दोन्हींबद्दल एकदा नीट लिहिते. हे नियम वाचून सांगायच्या कामाचे मी शेतकऱ्यांच्या गटाकडून पैसे घेते, हेही आधीच सांगते, म्हणजे "तुमचं पोट त्यावर आहे म्हणून तुम्ही बाजू घेता" हे कुणाला मनात ठेवायला नको.

क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचंच घ्या. "रातोरात बंद केलं" असं आजही ऐकू येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जाहीर केलं की या औषधाची सुरक्षित मात्रा ठरवताच येत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होण्याची चिंता त्यात स्पष्ट लिहिली होती. डिसेंबरात सदस्य देशांच्या समितीनं मतदान केलं. जानेवारी २०२० मध्ये मंजुरीचं नूतनीकरण नाकारणारा नियम आला. जुलैत त्यांच्या राजपत्रात दुसरा नियम छापला गेला, २०२०/१०८५, त्यानं मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, आणि ती १३ नोव्हेंबर २०२० पासून लागू झाली. पहिल्या कागदापासून शेवटच्या तारखेपर्यंत सव्वा वर्ष गेलं, आणि सगळं उघड्यावर झालं. आपल्याकडे बातमी पोचली ती मात्र गोडी छाटणीच्या, म्हणजे घडांसाठीच्या छाटणीच्या, तोंडावर, व्हॉट्सॲपवरून, अर्धवट.

हे असं का होतं, तेही कळण्यासारखं आहे. या मर्यादांचा मूळ कायदा एकच, ३९६/२००५. त्याला हात लावायचा तर युरोपीय आयोगानं प्रस्ताव मांडायचा, संसद आणि मंत्रिपरिषद दोघांनी तो मंजूर करायचा. औषधांचे आकडे मात्र परिशिष्टांत आहेत, आणि परिशिष्टं बदलायला एवढा खटाटोप लागत नाही. प्राधिकरणाचा अहवाल, आयोगाचा मसुदा, सदस्य देशांच्या स्थायी समितीत मत, मग संसद आणि परिषदेला हरकत घ्यायची मुदत, की झालं. मत म्हणजे साधं बहुमत नव्हे. बाजूनं ५५ टक्के देश हवेत, आणि त्या देशांत मिळून संघाची ६५ टक्के लोकसंख्या हवी. बदलाचा नियम छापला जातो तेव्हा त्यात अख्खा कायदा नसतो. परिशिष्ट दोनमधला अमुक रकाना वगळा, परिशिष्ट पाचमध्ये तमुक घाला, एवढंच असतं. बदल मिसळलेली सलग प्रतही ते देतात, पण ती वाचायच्या सोयीसाठी. कायद्यानं धरायचा तो राजपत्रात छापलेला मजकूर. म्हणून मी राजपत्र वाचते.

आता २०१०. हे मी टाळत आले आहे, कारण यात माझे वडील आहेत.

त्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट सापडलं. आपण त्याला सीसीसी म्हणतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंडा थांबावा, काडीत घड चांगले तयार व्हावेत म्हणून ते मारायचे. सगळेच मारायचे. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, दुकानात मिळायचं, आणि मोठमोठे बागायतदार शिवारफेरीत त्याचं प्रमाण सांगायचे. एप्रिलमध्ये मारलेलं फेब्रुवारीच्या मण्यात येईल, असं आमच्या गावात कुणाच्या मनातही नव्हतं. पण ते वेलीत मुरतं, लाकडात राहतं आणि पुढच्या फुटीत उतरतं. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम.

नाना, म्हणजे माझे वडील, निर्यातीच्या बाबतीत फार काटेकोर होते. ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी नोंदणीत, प्लॉटची नोंदणी वेळेत, फवारणीची डायरी रोजच्या रोज, शेवटची फवारणी ते काढणी हे दिवस दोनदा मोजलेले. प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा त्यांनी तो आईला वाचून दाखवला होता. सगळं मर्यादेत. माल पॅक झाला, न्हावा शेव्याहून निघाला. उरलेला निम्मा प्लॉट वेलीवर होता, पुढच्या कंटेनरसाठी ठेवलेला.

मग निर्यातदाराच्या माणसाचा फोन आला, "नाना, जरा काढणी थांबवा." कारण सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या प्लॉटचीही काढणी थांबली. मी तेव्हा कॉलेजात होते, परीक्षेसाठी घरी आले होते. घरी फोन वाजला की सगळे नानांच्या तोंडाकडे बघायचे. रॉटरडॅमला माल अडकलाय, जर्मनीतल्या दुकानांनी भारतीय द्राक्षं नको म्हटलंय, अशा बातम्या तुकड्यातुकड्यानं येत होत्या. औषधाचं नाव कळलं तेव्हा नाना आत गेले आणि डायरी घेऊन आले. एप्रिलचं पान काढलं. निळ्या शाईत स्वच्छ लिहिलेलं होतं, सीसीसी, प्रमाण, तारीख. ते एवढंच म्हणाले, "पण हे यादीत नव्हतं ना?"

नव्हतं. प्रयोगशाळेनं ते तपासलंच नव्हतं, कारण तपासायच्या औषधांची जी यादी आपल्याकडे ठरली होती तिच्यात त्याचं नाव नव्हतं. म्हणून अहवाल खराही होता आणि निरुपयोगीही.

वेलीवरचा माल थांबला तो थांबलाच. सगळ्यांचाच निर्यातीचा माल एकदम लोकलला आला आणि भाव बसला. आमचा काही बेदाण्याला गेला, काही मजुरीही निघेना म्हणून तसाच राहिला. पावसाळ्याच्या सुमारास निर्यातदाराचा हिशेब आला. त्यात तिकडची साठवण, परत तपासणी, माल नष्ट करायचा खर्च, सगळं लावलेलं होतं. आम्हाला पैसे येणं नव्हते, आम्हीच देणं लागत होतो. नानांनी तो कागद कुणाला दाखवला नाही. मला तो नंतर डायरीत घडी घालून ठेवलेला सापडला. सोसायटीचं कर्ज थकलं, आणि पुढची काही वर्षं आमच्या घरून युरोपला घडही गेला नाही. नानांना कर्जाचं दुःख होतंच. पण आपण नियम पाळला आणि तरी आपण नियम मोडणारे ठरलो, हे त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही. पचलं नाही हे बरोबरच होतं, असं मला अजून वाटतं.

त्या वर्षी मीही म्हणत होते की हे मुद्दाम केलंय, आपला माल पाडायचा डाव आहे. पुढे हेच काम शिकले, कायदा मुळातून वाचला, आणि दिसलं ते असं: आपली यादी ही तपासायच्या औषधांची होती, त्यांचा कायदा मात्र सगळ्याच औषधांना लागू आहे. ज्या औषधाला वेगळा आकडा दिलेला नाही, त्याला आपोआप ०.०१ लागू होतं. यादीत नाही म्हणून सूट, असा प्रकार त्या कायद्यात कुठेच नाही. आपल्या याद्या त्यानंतर वाढल्या, तपासणी कडक झाली. सीसीसी आज नवखा पोरगाही मारणार नाही.

मग काही वर्षं मी सभांमधून सांगत फिरले: कायदा उघडा आहे, वेळेवर वाचा, नुकसान होणार नाही. आज ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

कारण राजपत्राची यादी चाळताना नजर फक्त शेतीवर थांबत नाही, आजूबाजूचंही दिसतं. कोरोनात २८ एप्रिल २०२० ला बँकांच्या भांडवलाचे नियम सैल करायचा प्रस्ताव आला, २४ जूनला तो कायदा झाला. युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि लाखो माणसं सीमा ओलांडून आली. स्थलांतर आणि आश्रयासाठीच्या निधीचे जुने, न खर्चलेले पैसे आणखी वर्षभर वापरता यावेत म्हणून ८ मार्च २०२२ ला प्रस्ताव आला आणि ६ एप्रिलला नियम बदललेला होता. ते व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मनाशी मोजलंच मी. एक महिना.

आणि मग २०२४. त्यांचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन ब्रसेल्समध्ये शिरले. काही जमीन पडीक ठेवायची अट, तपासण्या, दंड, कागदपत्रं, याविरुद्ध. १५ मार्चला आयोगाचा प्रस्ताव, २४ एप्रिलला संसदेत मत, मे संपायच्या आत नियम लागू. पडीकची सक्ती गेली, आणि दहा हेक्टरांच्या आतल्या शेतकऱ्याला अनुदानाच्या अटींवरच्या तपासणीतून आणि दंडातून सूट मिळाली. हे परिशिष्टातले आकडे नव्हते, मूळ कायदे होते. म्हणजे ज्या रस्त्याला एरवी वर्षं लागतात तोच रस्ता दोन महिन्यांत पार झाला. मी ते वाचलं तेव्हा आमच्या गटाच्या नोंदणीची वही समोर होती. आमच्यात दहा हेक्टर कुणाकडे आहेत?

तुम्ही म्हणाल, त्यांचा कायदा, त्यांचे शेतकरी, त्यांचे मतदार. मान्य आहे. आपल्यालाही एक दार आहे, हे मीच सगळ्यांना सांगते. मर्यादा खाली आणायची असेल तर मसुदा जागतिक व्यापार संघटनेला कळवावा लागतो, आणि इतर देशांना सूचना द्यायला साधारण ६० दिवस मिळतात. त्या दारातून शेतकरी जात नाही, सरकार जातं. एका मसुद्यावर आम्ही बागेतली माहिती गोळा केली, किडीचा काळ, पर्यायी औषधं, त्यांचा खर्च, आणि ती एका सरकारी कार्यालयाला पाठवली. पोच आली. ती पुढे गेली की नाही, हे आम्हाला कुणी कळवलं नाही. ६० दिवस तेवढ्यात संपले.

आणि "रातोरात" कधीच होत नाही, हेही मी म्हणू शकत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमनं आपल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्याची सूचना सगळ्या सदस्य देशांना दिली, आणि २२ ऑक्टोबरला नियम निघाला की भारतातून येणाऱ्या तिळाच्या निम्म्या खेपा तपासायच्या, सोबत अधिकृत प्रमाणपत्र हवं. जंतू मारायला वापरलेला वायू होता तो, पेरणाऱ्याचा त्यात काही हात नव्हता. तातडीच्या बाबतीत त्यांचा कायदा धावतो. कुणाच्या दिशेनं धावतो, एवढाच प्रश्न असतो.

तरी मी वाचते, कारण क्लोरपायरीफॉसच्या अहवालातली ती मुलांबद्दलची ओळ मी वाचली आहे. ती वाचल्यावर मला "निर्यातीच्या प्लॉटला नको, लोकलच्या प्लॉटला चालतं" हे वाक्य सहन होत नाही. आमच्या बाजारातली द्राक्षं आमचीच मुलं खातात. फवारणीनंतर त्याच बांधावर खेळतात. यावर सभेत मी बोलले की लोक गप्प होतात, आणि नंतर कुणीतरी हळूच म्हणतो, ताई, लोकलला भाव तरी द्या मग. त्यालाही माझ्याकडे उत्तर नाही.

सध्याचं भांडण मधमाशीवरून आहे. थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन या कीटकनाशकांच्या मर्यादा तळाला नेणारा नियम, २०२३/३३४, फेब्रुवारी २०२३ मध्ये छापला गेला. लागू व्हायची तारीख त्यातच आहे, ७ मार्च २०२६. तीन वर्षांची सूचना. इथे कारण खाणाऱ्याच्या तब्येतीचं नाही, जगभर कमी होत चाललेल्या परागसिंचक कीटकांचं आहे. माझा चुलतभाऊ चिडून म्हणतो, "माझ्या शिवारातल्या मधमाशीचा निकाल ब्रसेल्सनं का लावायचा?" प्रश्न रास्त आहे. पण त्याच भावाचा मेहुणा कांद्याचं बी धरतो आणि फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणतो, कारण शिवारात माश्या उरलेल्या नाहीत. दोघं एकाच ताटात जेवतात. मी कुणाची बाजू घेऊ, हे मला ठरवता आलेलं नाही.

गटाला मी एवढंच सांगितलं की तारीख काढणीच्या ऐन मध्यावर पडते, आणि जुना आकडा मिळतो तो त्या तारखेआधी युरोपात दाखल झालेल्या मालाला. काढणीची किंवा पॅकिंगची तारीख तिथे चालत नाही. बोट लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून गेली, तर फेब्रुवारीत तोडलेला घडही नव्या आकड्यात सापडू शकतो. तेव्हा छाटणीपासूनच ही औषधं बंद. दोघा-तिघांनी विचारलं, पुन्हा बदलणार नाही ना? बदलू शकतं, म्हटलं. राजपत्र बघत राहीन.