शिराझची लाल पानं आणि आयोडीन

ऑक्टोबर छाटणीनंतरची ही नोंद. मण्यांत पाणी उतरायला लागलं तशी कुंपणाकडच्या शिराझ या वाइन-द्राक्षाच्या वेलीची बुडाची पानं लाल पडली. शिरा मात्र हिरव्याच, आणि कडा खाली वळलेल्या. मॅग्नेशियम कमी पडलं तरी शिरांमधली जागा लाल होते, पण कडा अशा वळत नाहीत. संशय लीफरोलचा, म्हणजे पानं वळवणाऱ्या विषाणूजन्य रोगाचा.

या रोगाच्या विषाणूंपैकी जगभर सर्वाधिक पसरलेला जीएलआरएव्ही-३ नाशिक-पुण्याच्या बागांतही सापडला आहे. तो रसवाहिन्यांतच मुक्काम करतो आणि तिथली वाहतूक बिघडवतो. पानानं बनवलेली साखर घडाकडे जायची ती पानातच तुंबते. मग पान काम आवरतं घेतं: रुबिस्को (हवेतला कार्बन पकडणारं विकर) घटतं, हरितद्रव्य कमी होतं, पर्णरंध्रं आखडतात. पान उपाशी नाही, त्याला अजीर्ण झालंय!

हे घरी दिसेल का? निरोगी पान दिवसा साठवलेला बराचसा स्टार्च रात्रीत वापरतं आणि पुढे धाडतं. म्हणून पानं उजाडायच्या आत तोडली. आधी पाण्यात उकळली, मग स्पिरिटमध्ये (भांडं गरम पाण्यात ठेवून, शेगडी बंद करूनच), मग स्टार्चला निळं-काळं करणारं आयोडीन. शेजारच्या वेलीचं पान फिकट तपकिरी राहिलं. लाल पानावर निळे-काळे धब्बे उमटले, तेही शिरांच्या मधोमध. संध्याकाळी तोडलेली पानं दोन्हीकडची काळी झाली, त्यामुळे फरक बघायचा तर पहाटच हवी.

मला खरी मजा तिसऱ्या पानात आली. निरोगी वेलीच्या एका काडीला आधीच गर्डलिंग करून (सालीचं कडं काढून) ठेवलं होतं. साल काढली की रसवाहिनी तुटते, विषाणूचा संबंधच नाही. त्या काडीचं पानही पहाटे काळं झालं. तेव्हा आयोडीनला तुंबलेला स्टार्च दिसतो, विषाणू दिसत नाही. त्यासाठी देठांची एलायझा किंवा पीसीआर ही प्रयोगशाळेतली विषाणू-तपासणीच हवी.

रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायचं यंत्र) लाल पानांच्या वेलीचे मणी शेजारणीपेक्षा मागे आहेत, रंगही उशिरा चढतोय.

कात्रीनं हा रोग पसरत नाही. पसरतो तो काड्या-कलमांतून आणि मिलीबगमुळे (पिठ्या ढेकूण). म्हणून या वेलीच्या काड्या कुणी मागू नका. खोडाची सैल साल काढून मिलीबग शोधतोय, देठं तपासणीला जातील. अहवाल वाईट आला तर उन्हाळ्यातल्या खरड छाटणीची वाट न बघता वेल मुळासकट काढणार.